भाकर चिरली तर का चिरली: हायस्कुलात गृहशास्त्राचा तास कसा घ्यावा

शाळेत स्वयंपाकाचा तास म्हटला की बहुतेक ठिकाणी एकच प्रकार चालतो. बाई शेगडीवर पोहे करून दाखवतात, चाळीस पोरे भोवती उभी राहून बघतात आणि शेवटी प्रत्येकाच्या हातावर चमचाभर पोहे पडतात. वर्षाअखेरीस वहीत बारा पाककृती सुवाच्य अक्षरात उतरलेल्या असतात, पण घरी आई आजारी पडली तर त्यातली एकही उपयोगाला येत नाही. म्हणून पदार्थ कमी ठेवा आणि प्रत्येक पदार्थ प्रत्येक पोराच्या हातून किमान दोनदा करून घ्या. पहिल्यांदा तो बिघडतो. का बिघडला हे दुसऱ्या वेळी कळते, आणि शिकवायचे आहे ते हेच.

आठवी-नववीसाठी स्वयंपाकातले चार पदार्थ पुरे झाले: ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, एक पालेभाजी आणि आंबील. उरलेल्या तासांत टाके-बटण, घरखर्च, वीजबिल आणि घरातले आजारपण. कार्यानुभवाच्या अन्न, वस्त्र, निवारा या मांडणीत हे सगळे बसते, त्यामुळे वेगळ्या विषयाची परवानगी मागत बसावे लागत नाही.

वर्षाची आखणी मात्र पाठ्यक्रमापेक्षा पाण्यावर करा. मराठवाड्यात मार्च उजाडला की कित्येक गावांत टँकरची चर्चा सुरू होते. भांडी घासावी लागतील असे सगळे प्रयोग फेब्रुवारीपर्यंत उरका. जून-जुलैत मोजमाप, हात धुणे आणि गॅस. ऑगस्ट-सप्टेंबरात पालेभाजी आणि वरण. मार्गशीर्षातल्या येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, आसपास आंबील. जानेवारी-फेब्रुवारीत भाकर. सकाळची शाळा सुरू झाली की सुई-दोरा, जमाखर्च आणि धान्य साठवण. प्रात्यक्षिकाचा वार ठरवताना सोमवार, गुरुवार, एकादशी आणि रमजानच्या रोज्यांचे दिवस पाहून घ्या, नाहीतर निम्मा वर्ग नुसता वास घेत बसतो.

गट आणि वेळ

चाळीस मुलांच्या वर्गात पाच शेगड्या कुठल्याच शाळेत नसतात. दोन बर्नरच्या दोन शेगड्या असतील तर एका वेळी दोनच गट, म्हणजे सोळा मुले, शेगडीवर घ्या. प्रत्येक गटाला दोन बर्नर मिळतात, एकावर वरण आणि दुसऱ्यावर तवा. बाकीचे तीन गट बाकावर बसून कोरडे काम करतील: साहित्याचा हिशोब, टाके, वीजबिल. तीन आठवड्यांत सगळा वर्ग शेगडीवरून जातो.

एका तासिकेत हे होत नाही. जोडतासिका घ्या, सत्तर ते ऐंशी मिनिटांची. पहिली दहा मिनिटे हात धुणे आणि मोजणे, मग पंचेचाळीस मिनिटे काम, पंधरा मिनिटे खाणे-आवरणे. शेवटची पाच-दहा मिनिटे बिघडलेल्या पदार्थांसमोर उभे राहून चर्चा करायची. उशीर झाला की हीच मिनिटे पहिल्यांदा कापली जातात. ती कापण्यापेक्षा वरण एक दिवस फोडणीशिवाय खाल्लेले परवडते.

कामाची वाटणी मुलांवर सोडू नका. सोडली की दहा मिनिटांत मुलगे पाण्याच्या बादल्या वाहताना आणि मुली पिठात हात घालून बसलेल्या दिसतात. हजेरी क्रमांकाने कामे फिरवा: मळणे-थापणे, तवा, कुकर, चिरणे, भांडी, नोंदवही. भांडी घासण्याची पाळी प्रत्येकाला आली पाहिजे.

सोळा मुलांच्या एका बैठकीला साधारण पंचेचाळीस लिटर पाणी धरा. हात धुण्याला दहा लिटर, स्वयंपाकाला पाच, भांड्यांना वीस. उरलेले दहा लिटर एका झाकलेल्या बादलीत भाजण्यासाठी राखून ठेवायचे, त्याला दुसऱ्या कशासाठीही हात लावायचा नाही. हात धुण्यासाठी तोटी बसवलेली बादली वापरा. तांब्याने पाणी ओतले की दुप्पट जाते, शिवाय तांब्या धरणारा हात धुतलाच जात नाही. साबण लावून वीस सेकंद चोळायचे, नखांच्या फटी आणि अंगठ्याचे मूळ विसरायचे नाही. भांड्यांचे पाणी शाळेच्या शेवग्याला किंवा कढीपत्त्याला सोडा, पण राखेचे किंवा सौम्य साबणाचे असेल तरच.

वाटी म्हणजे किती

घराघरातली वाटी शंभर मिलिलिटरपासून दोनशेपर्यंत कितीही असते, आणि निम्मे घोटाळे तिथेच सुरू होतात. पहिल्या तासाला प्रत्येकाने घरून एक वाटी आणावी. ती रिकामी तोलायची, काठोकाठ पाणी भरून पुन्हा तोलायची. पाण्याचे जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. मग त्याच वाटीत ज्वारीचे पीठ, तूरडाळ, साखर आणि तेल आळीपाळीने भरून तोला आणि तक्ता भिंतीवर लावा. एकाच वाटीत पीठ चाळून भरले तर कमी बसते आणि दाबून भरले तर बरेच जास्त, हे मुलांना स्वतः मोजूनच पटते. चमच्याच्या बाबतीत ‘सपाट’ आणि ‘शीग’ यांतला फरक इथेच पक्का करा. पुढे मीठ-साखरेचे पाणी शिकवताना त्यावर जीव अवलंबून असतो.

गॅस

सिलिंडर नेहमी उभा, आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंच ओट्यावर. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की वर उडून न जाता जमिनीलगत साचतो. म्हणून खोलीला फक्त वरची खिडकी असून भागत नाही, खालून हवा जाईल असे दार उघडे हवे. सिलिंडरच्या कड्यावर ‘बी २७’ असे काही लिहिलेले असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आकडा वर्षाचा. ती सिलिंडरच्या पुढच्या तपासणीची मुदत असते. मुदत उलटलेला सिलिंडर उतरवूनच घ्यायचा नाही. केशरी सुरक्षा नळीवरही मुदत छापलेली असते, आणि पाच वर्षांनी ती बदलायचीच.

दर महिन्याला एका गटाने साबणाचा फेस करून रेग्युलेटरची जोडणी, नळीची दोन्ही टोके आणि शेगडीचा कॉक यांवर लावावा. बुडबुडे फुगले तर गळती आहे. काडी पेटवून गळती शोधणारी मोठी माणसे अजून घरोघरी आहेत, तेव्हा हे मुलांना घरीही सांगायला लावा. वास आला तर रेग्युलेटर बंद, दारे-खिडक्या उघड्या, विजेचे कुठलेही बटण दाबायचे नाही. चालू दिवा बंद करायलासुद्धा नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. मग बाहेर जाऊन १९०६ वर फोन.

पेटवताना आधी काडी किंवा लायटर, मग कॉक. उलटे केले की साचलेला गॅस भडकतो आणि भुवया जातात. ओढणी मागे गाठ मारून, वेणी आत, पायात चप्पल. ज्योत निळी हवी. पिवळी होऊन भगुण्याला काजळी धरत असेल तर बर्नरची छिद्रे बुजली आहेत किंवा हवा कमी पडते आहे. बर्नर थंड झाल्यावर पिनेने छिद्रे मोकळी करा, धुवा, पूर्ण वाळवा आणि मगच बसवा. कढईतले तेल पेटले तर गॅस बंद करून वर झाकण सरकवायचे. पाणी टाकले तर ते तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होते आणि पेटलेले तेल चौफेर उडवते.

भाकर

आपल्याकडच्या मुलांनी भाकर रोज पाहिलेली असते, त्यामुळे ती येते असे त्यांना वाटते. ज्वारीत गव्हासारखा चिकट ताण देणारा ग्लुटेन नसतो. भाकर एकसंध राहते ती पिठातल्या स्टार्चमुळे. गरम पाण्याने तो फुगतो, चिकट होतो आणि पीठ धरून ठेवतो. एवढे एक कळले की पुढची प्रत्येक चूक मुले स्वतः शोधू शकतात.

ज्वारी शक्यतो रब्बीची घ्या, मालदांडीसारखी शाळू. खरिपाची संकरित ज्वारी कणसात असतानाच पावसात भिजून काळी पडलेली असेल तर पीठ मळकट येते आणि चवही उतरते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने काढलेला ‘परभणी शक्ती’ हा वाण लोह आणि जस्त जास्त असलेला आहे. जवळपास मिळाला तर एक बैठक त्याच्या पिठाची करून चव ताडून पाहावी. पीठ बारीक दळलेले आणि ताजे हवे. आठ-दहा दिवसांनी, उन्हाळ्यात त्याच्याही आधी, पिठाची विरी, म्हणजे एकसंध धरून राहण्याची ताकद, जाते आणि अंकुरातल्या तेलामुळे कडवट वास येऊ लागतो. विरी तपासायला लिंबाएवढा गोळा मळून तळहातावर दाबा. कडा गुळगुळीत राहिल्या तर पीठ चांगले, चिरल्या तर पीठ जुने.

मध्यम भाकरीला ८० ग्रॅम पीठ लागते. सोळा मुलांना सव्वा ते दीड किलो, थापायला आणि बिघडायला धरून पावणेदोन किलो काढा. १०० ग्रॅम पिठाला ९० ते १०० मिलिलिटर पाणी. नवख्या हातांसाठी पाणी उकळते घ्यावे. पिठात आळे करून दोन-तृतीयांश पाणी ओता, उलथण्याने ढवळा, दोन मिनिटे झाकून ठेवा. हाताला सोसेल इतके निवले की उरलेले पाणी थोडे थोडे घालत मळा. सराईत बाया गार पाण्यातही करतात, पण त्यांच्या पिठाला विरी आणि मनगटाला जोर दोन्ही असतात.

मळताना बोटे वापरायची नाहीत, तळहाताचा मनगटाकडचा भाग वापरायचा. पीठ पुढे रेटायचे, गोळा करायचे, पुन्हा रेटायचे. काठवट असेल तर उत्तम, नसेल तर परातीखाली ओले फडके ठेवा म्हणजे ती फिरणार नाही. एका भाकरीचा गोळा तीन-चार मिनिटे तरी मळला गेला पाहिजे. सगळ्यांचे पीठ एकदम मळून ठेवण्याचा मोह होतो. तसे केले की वरून सुकलेल्या गोळ्याची भाकर कडेने चिरते, आणि दोष मुलाच्या हातावर येतो.

थापताना परातीत कोरडे पीठ सढळ भुरभुरा, गोळ्याची कड दोन्ही हातांनी बांधून घ्या, मग एका हाताने थापा आणि दुसऱ्याने कड सांभाळा. बोटे जुळलेली, थाप हलकी, आणि प्रत्येक थापेसरशी भाकर जरा फिरली पाहिजे. फिरत नसेल तर खाली चिकटली आहे. तिथेच थांबा, कड उचलून पीठ सारा. सुरुवातीला १५ सेंटिमीटरची करा. आईच्या परातभर भाकरीशी स्पर्धा नंतर.

तवा लोखंडी आणि खरोखर तापलेला हवा. पाण्याचा थेंब टाकला की नाचत दोन-तीन सेकंदांत उडाला पाहिजे. भाकर टाकताना कोरड्या पिठाची बाजू वर येते. लगेच ओल्या हाताने किंवा फडक्याने तिच्यावर पाणी फिरवा, कडेपर्यंत. पाण्याची चकाकी गेली पण ओल आहे, त्या क्षणी उलटायची, साधारण वीस-तीस सेकंदांत. आता पाणी लावलेली बाजू खाली आली. ती तव्यावर पूर्ण भाजू द्या, डाग पडेपर्यंत, मिनिट-दीड मिनिट. मग तवा उतरवून पहिली, अर्धी भाजलेली बाजू थेट आचेवर धरा. आत अडकलेली वाफ पापुद्रा सोडवते आणि भाकर फुगते.

फुगली नाही तर चौकशी करायची. वाफ कुठून निसटली? कड चिरलेली होती का, उलथण्याचे टोक घुसले का? पाणी पूर्ण वाळल्यावर उलटली असेल तर वरचा थर आधीच तडकलेला असतो. पाणी साचलेले असतानाच उलटली तर ती तव्याला चिकटते आणि पापुद्रा फाटतो. वर पांढरे पीठ दिसते म्हणजे पाणी सगळीकडे फिरले नाही. मध्ये कच्ची आणि वर करपलेली असेल तर जाड थापली आणि आच मोठी ठेवली. भाजली छान पण गार झाल्यावर कडक झाली, तर तवा मंद होता आणि भाकर शिजण्याऐवजी वाळत राहिली. तोंड कडू झाले तर पिठाच्या डब्यावरची तारीख पाहा. डब्यावर दळणाची तारीख लिहिण्याची सवय याच तासाला लावावी.

एक प्रयोग जरूर करा. कालचे पीठ आणि महिन्यापूर्वीचे पीठ, दोन्ही तितक्याच पाण्यात, एकाच मुलाच्या हातून. जुने पीठ गार पाण्यात आणि उकळत्या पाण्यात असे दोनदा. उकळत्या पाण्याने जुन्या पिठाची भाकरही बरीचशी सावरते, पण वास सावरत नाही.

वरण आणि बोअरचे पाणी

मराठवाड्यात डाळ शिजत नाही अशी तक्रार आली तर डाळीआधी पाणी तपासा. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असते. डाळीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारे पेक्टिन असते, त्याला कॅल्शियम बांधून टाकते, मग डाळ तासभर उकळली तरी दाणा दाणाच राहतो. चिंच किंवा आमसूल आधी घातले तरी असेच होते, कारण आंबट पाण्यातही पेक्टिन विरघळायला तयार नसते.

हे वर्गात दाखवायला चार सारखी भगुणी घ्या आणि प्रत्येकात ५० ग्रॅम तूरडाळ व ३०० मिलिलिटर पाणी. पहिल्यात बोअरचे पाणी तसेच. दुसऱ्यात तेच पाणी दहा मिनिटे उकळून, निववून, तळाचा पांढरा गाळ मागे ठेवून. तिसऱ्यात पावसाचे साठवलेले किंवा जारचे पाणी. चौथ्यात बोअरचे पाणी आणि चमचाभर चिंचेचा कोळ. सारख्या आचेवर झाकून ठेवा, वीस मिनिटांनंतर दर दहा मिनिटांनी एक दाणा बोटांत दाबून पाहा आणि नोंद करा. आटलेले पाणी त्याच त्याच पाण्याने भरा. तिसरे भगुणे पहिले येते आणि चौथे शेवटी. दुसऱ्यात किती फरक पडतो ते गावागावावर अवलंबून आहे. उकळल्याने फक्त एका प्रकारचा जडपणा खाली बसतो, सल्फेट-क्लोराइडमुळे आलेला जडपणा तसाच राहतो. साबणाची चाचणीही सोबत घ्या: बाटलीत पाणी, साबणाचा कीस, जोरात हलवायचे. फेस कमी आणि दह्यासारखा साका जास्त म्हणजे पाणी जड.

खाण्याचा सोडा घातला की डाळ झटकन मऊ होते. घरोघरी घालतातही. पण सोड्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते आणि चव साबणासारखी येते. आधी भिजवणे आणि पाणी बदलणे हे उपाय करा, सोडा अगदी चिमूटभर आणि शेवटी.

गटाच्या वरणाला २०० ग्रॅम तूरडाळ, अर्धा तास भिजवून, ६०० मिलिलिटर पाणी, पाव चमचा हळद, चमचाभर तेल. तेलाने फेस कमी येतो. तीन लिटरचा कुकर पुरतो. डाळ फसफसते, म्हणून कुकर निम्म्याच्या वर भरायचा नाही. फेस वाफेच्या नळीत अडकला तर शिट्टी होत नाही आणि दाब वाढत जातो. झाकण लावण्याआधी नळीतून आरपार उजेड दिसतो का ते प्रत्येक मुलाने पाहायचे, मग रबरी कडे तडकले नाही ना ते, मग सेफ्टी व्हॉल्व्ह जागेवर आहे ना ते. सेफ्टी व्हॉल्व्ह गेला म्हणून तिथे नट-बोल्ट बसवलेले कुकर घरांतून दिसतात. असा कुकर शाळेत वापरू नका आणि मुलांना घरीही सांगायला लावा.

शिट्ट्या मोजण्यावर भिस्त नको. आच मोठी ठेवली तर पाच मिनिटांत पाच शिट्ट्या होतात आणि डाळ कच्चीच राहते. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा आणि घड्याळ लावून आठ-दहा मिनिटे द्या. पूर्ण दाबाला आत सुमारे १२० अंश सेल्सियस तापमान असते, डाळ शिजते ती या तापमानाने. दाब आपोआप उतरू द्या. शिट्टी उचलून वाफ काढली तर डाळीचे पाणी नळीतून अंगावर येते.

घोटल्यावर गरम पाणी घालून एक लिटरपर्यंत सारखे करा, दीड सपाट चमचा मीठ, मग फोडणी. करडईचे तेल मिळाले तर तेच घ्या. तेल तापले का ते पाहायला मोहरीचा एकच दाणा टाकायचा. तो तडतडला की बाकीची मोहरी, नंतर जिरे, लसूण, आणि शेवटी आच बंद करून तिखट-हळद. आधी टाकली तर हळद-तिखट करपून कडू होते. लायसिन हा प्रथिनांतला एक आवश्यक घटक ज्वारीत कमी आणि डाळीत भरपूर असतो. भाकरीसोबत वरण खाल्ले की दोघांच्या उणिवा भरून निघतात, हे जेवताना सांगा.

पालेभाजी आणि आंबील

भाजी आधी धुवायची, मग चिरायची. उलटे केले की जीवनसत्त्वे मोरीत जातात. मेथी, तांदुळजा, शेपू काहीही चालेल. अंबाडी घेतली तर ती ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात शिजवू नका, तिचा आंबटपणा धातूला लागतो. उकडून, पिळून, ज्वारीच्या कण्या आणि भरपूर लसूण. १३ ते १५ वयाच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम आणि मुलाला २२ मिलिग्रॅम लोह लागते असे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशी सांगतात. पालेभाजीतले लोह अंगी लागायला ताटात लिंबू हवे, आणि जेवणाआधी-नंतर तासभर चहा नको.

आंबिलीला आदल्या दिवशी १०० ग्रॅम ज्वारीचे पीठ २०० मिलिलिटर ताक आणि तितक्याच पाण्यात कालवून झाकून ठेवा. दहा-बारा तासांत आंबते. थंडी कडाक्याची असेल तर भांडे गोणपाटात गुंडाळा. सकाळी ८०० मिलिलिटर पाण्याला मीठ, ठेचलेले जिरे-लसूण घालून उकळी आणा, आंबवण बारीक धारेने सोडा आणि हात न थांबवता दहा मिनिटे शिजवा. गुठळ्या होतात त्या धार जाड पडल्याने किंवा हात थांबल्याने. लातूर, धाराशिव, नांदेडच्या मुलांना येळवशीच्या आंबिलीबद्दल शिकवायला जाऊ नका, त्यांच्याकडून एक-दोन घरगुती प्रमाणे लिहून घ्या.

सुई-दोरा

तीन गोष्टी पुरेत: धावदोरा, उलटा टाका आणि बटण. दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गुंता. धावदोऱ्याचे टाके तीन-चार मिलिमीटरचे. घरातली वाकळ उलटून पाहिली की हा टाका हजारो वेळा दिसतो. पण दप्तराचा बंद धावदोऱ्याने शिवला तर आठवड्यात तुटतो, कारण एक टाका सुटला की पुढचे सरकतात. तिथे उलटा टाका हवा. बटण लावताना बटणाखाली काडी ठेवून टाके घ्या, काडी काढा आणि उरलेल्या ढिल्या दोऱ्याभोवती तीन-चार वेढे द्या. काडीशिवाय घट्ट लावलेले बटण काजात बसत नाही, ओढाताण होऊन कापडासकट निघते.

घरखर्च, वीज

मुलांना स्वतःच्या घराची मिळकत लिहायला लावू नका. वर्गात कुणाच्या घरी उचल घेतलेली असते, कुणाच्या घरी पगार येतो. फळ्यावर काल्पनिक कुटुंब मांडा: पाच माणसे, कापूस-सोयाबीनचे पैसे वर्षात दोनदा, अधूनमधून मजुरी. एकदम आलेली रक्कम बारा महिन्यांवर कशी पसरायची, बियाणे-खताचे आधी बाजूला किती काढायचे, हा खरा प्रश्न आहे. महिन्याच्या ठरावीक पगाराचे गणित इथे फारसे कामाचे नाही. धान्याचे गणित असे: माणशी रोज ३५० ग्रॅम धरले तर पाच जणांना महिन्याला साडेबावन्न किलो लागते. प्राधान्य कुटुंबाच्या शिधापत्रिकेवर माणशी ५ किलोप्रमाणे २५ किलो मिळते. उरलेले साडेसत्तावीस किलो शेतातून की बाजारातून?

विजेचे एक युनिट म्हणजे १००० वॅटचे उपकरण एक तास. इस्त्री तासाभरात युनिट खाते, ७५ वॅटचा पंखा तेरा तासांत, ९ वॅटचा एलईडी दिवा शंभराहून जास्त तासांत. प्रत्येकाने घरचे मीटर सलग सात दिवस एकाच वेळी वाचावे आणि बिलावरच्या मागील-चालू रीडिंगशी ताडावे. बिलावर रीडिंगच्या जागी सरासरी लावली असेल तर ती ओळखता आली पाहिजे.

आजारपण

हगवण लागली तर ओआरएसचे पाकीट लिटरभर पाण्यात. अर्धे पाकीट अर्ध्या लिटरात असे अंदाजाने करू नये. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, ५ मिलिलिटरचा. आधी मीठ घालून चव घ्यायची: अश्रूंपेक्षा खारट लागले तर ओतून द्यायचे, कारण जास्तीचे मीठ लहान बाळाला घातक ठरते. चोवीस तासांनी उरलेले टाकून नवे करायचे.

भाजले तर वीस मिनिटे थंड पाणी; बर्फ नाही, हळद नाही, टूथपेस्ट नाही. राखून ठेवलेल्या बादलीतले पाणी मगाने ओता, खाली घमेले ठेवा आणि तेच पाणी पुन्हा वापरा, धार तुटू देऊ नका. अंगठी-बांगडी सूज यायच्या आत काढा. फोड फोडायचा नाही. तळहातापेक्षा मोठे भाजले असेल किंवा चेहरा, सांधा असेल तर १०८.

गुण कसे द्यायचे

चवीला गुण देऊ नका. चव मिठावर ठरते आणि मीठ घालणारा गटातला एकच असतो. पाच गोष्टी पाहा: हात धुतले का, मोजून घेतले का, आच सांभाळली का, जागा आवरली का, आणि बिघाडाचे कारण सांगता आले का. शेवटच्या गोष्टीला निम्मे गुण ठेवा.

परीक्षेच्या दिवशी टेबलावर मुद्दाम बिघडवलेल्या सहा गोष्टी मांडा: कडेने चिरलेली भाकर, तव्याला पापुद्रा सोडून आलेली भाकर, दाणेदार राहिलेली डाळ, नळी बुजलेले कुकरचे झाकण (कुकर रिकामा), धावदोऱ्याने शिवून उसवलेला बंद, आणि सरासरी रीडिंगचे बिल, त्यावरचे नाव-क्रमांक खोडून. प्रत्येक मुलाने चिठ्ठी उचलायची, कारण सांगायचे, आणि त्यातली एक गोष्ट तिथल्या तिथे दुरुस्त करून दाखवायची. एका मुलाला सहा-सात मिनिटे लागतात, म्हणजे चाळीस जणांना चार-साडेचार तास. दोन दिवसांत वाटून घ्या. भाकरी त्याच सकाळी बिघडवा. आदल्या दिवशीची शिळी भाकर सगळीकडूनच चिरते आणि कारण ओळखू येत नाही.